मामांच्या डब्यातली नाणी: ग्रेडिंगला कोणती पाठवू?

प्रश्न: दीड वर्षापासून मी नाणी जमवते आहे. गेल्या महिन्यात मामांनी त्यांचा जुना पत्र्याचा डबा मला देऊन टाकला. ते जहाजावर नोकरीला होते. बंदराबंदरांत मिळालेली नाणी त्यांनी कागदी पाकिटांत घालून, वर पेनाने काहीबाही लिहून ठेवली आहेत. एकूण ४६ नाणी आहेत. त्यात अमेरिकेचे चार चांदीचे डॉलर आहेत: एक १८८१ चा 'एस' अक्षर असलेला, दोन १९२१ चे आणि एक १८९३ चा, त्यावरही 'एस' आहे. शिवाय १७८० साल असलेला ऑस्ट्रियाचा मारिया तेरेसा थेलर हे चांदीचं नाणं (पार काळं पडलंय), १९१२ चं ब्रिटिश सोन्याचं सॉव्हरिन आणि टांकसाळीच्या डबीतला एक प्रूफ संच (खास रीतीने चकाकी देऊन पाडलेली नाणी). बाकी साधी तांब्या-निकेलची नाणी. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, "स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून, अवस्थेचा आकडा देऊन ज्या प्लास्टिकच्या डबीत बंद करते तिच्यात) नसलेल्या नाण्याला आता कोणी विचारत नाही, सगळी एकदम पाठवून टाक." इतका खर्च सुरुवातीलाच करावा का? आणि काळी पडलेली आधी स्वच्छ करून पाठवू का?

उत्तर: सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. त्या काळ्या थेलरला काहीही करू नका. कापडाने पुसू नका, टूथपेस्ट नको, चांदी उजळायचं द्रावण तर मुळीच नको. हवेत आणि कागदात असलेल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो काळा थर चढतो. तो काढायला गेलं की त्याच्याबरोबर वरची चांदीही जाते, आणि टांकसाळीतून बाहेर पडताना नाण्याला जो पृष्ठभाग मिळालेला असतो तो कायमचा संपतो.

मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना एका ब्रिटिश हाफ क्राउनला टूथपेस्ट लावून अंगठ्याने घासलं होतं. नाणं लखलखलं, मी दिवसभर ते सगळ्यांना दाखवत होतो. बऱ्याच वर्षांनी ते ग्रेडिंगला पाठवलं. परत आलं तेव्हा लेबलवर ग्रेडचा आकडाच नव्हता. अस्सल आहे, पण साफ केलेलं आहे, एवढाच शेरा. तेव्हा मी ते पहिल्यांदा एकाच दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं. राजाच्या गालावर आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसाहून बारीक असे शेकडो ओरखडे होते, आणि सगळे गोल वळलेले, माझा अंगठा जसा फिरला होता अगदी तसे. ते नाणं अजून माझ्याकडे आहे. नव्याने नाणी जमवणारं कोणी आलं की मी त्यांना आधी तेच दाखवतो.

याला एकच अपवाद. मऊ, चिकट प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर कधीकधी हिरवट बुळबुळीत थर येतो. तो पीव्हीसी प्लास्टिकमधून सुटणाऱ्या रसायनांचा असतो आणि हळूहळू धातू खातो. असं नाणं काचेच्या भांड्यात शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं ठेवायचं, बाहेर काढून तसंच वाळू द्यायचं, घासायचं नाही. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल-सुगंध मिसळलेले असतात. तुमची नाणी कागदात होती, त्यामुळे बहुधा याची गरज पडणार नाही.

आता मूळ प्रश्न. ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय घडतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. तुम्ही नाणं कंपनीला पाठवता. तिथे दोन-तीन जाणकार ते एकेक करून बघतात. नाणं कोणाचं आहे हे त्यांना सांगितलेलं नसतं. ते अस्सल आहे का, त्याच्याशी छेडछाड झाली आहे का, आणि अवस्था कशी आहे हे ठरवतात आणि १ ते ७० मधला एक आकडा देतात. मग नाणं कडक प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये कायमचं बंद होतं, वर लेबल आणि क्रमांक लागतो. ही मोजपट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या सुरुवातीच्या, मोठ्या आकाराच्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली. कल्पना अशी होती की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं असावं. किमतीचं ते गणित टिकलं नाही, मोजपट्टी मात्र जगभर रुळली. ६० आणि त्यापुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांसाठी असतात, ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेलं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्या, आणि नाणं हातात न घेता नुसत्या लेबलवर विश्वास ठेवून दूरच्या माणसाकडून विकत घेणं सोपं झालं. ग्रेडिंगचा खरा उपयोग हा आहे.

म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते एका मताचे. ते जाणकाराचं मत असतं, बाजार त्याला मान देतो, पण त्याने नाण्यात काडीचाही फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक नाण्याच्या बाबतीत मी एवढंच विचारतो: याच्याविषयी असा कोणता प्रश्न आहे जो मला स्वतःला सोडवता येत नाही, आणि त्याचं उत्तर ग्रेडिंगच्या खर्चापेक्षा जास्त मोलाचं आहे का? प्रश्नच नसेल तर पाठवायचं कशाला? आणि प्रश्न असला तरी उत्तराने काही बदलणार नसेल तर ते नाणं घरीच बरं.

या कसोटीवर तुमचा डबा उघडू या.

थेलरपासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात जुना दिसतो आणि त्यानेच तुमची झोप उडवली असावी. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा १७८० मध्ये वारली. पण तिच्या चेहऱ्याचा हा थेलर तांबड्या समुद्राच्या आसपासच्या व्यापारात इतका विश्वासाचा झाला होता की तो पुढेही पाडत राहिले, आणि साल मात्र १७८० च ठेवलं. व्हिएन्नाखेरीज रोम, लंडन, पॅरिस आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर मुंबईच्या टांकसाळीतही तो पाडला गेला. तेव्हा नाण्यावरच्या सालावरून त्याचं वय कळत नाही. कोणत्या टांकसाळीचा, कोणत्या काळातला, हे राणीच्या ब्रोचवरचे मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं अशा बारकाव्यांवरून ठरवतात. तो अभ्यास भिंग आणि कॅटलॉग घेऊन घरी करता येतो, आणि त्यात फार मजा आहे. बहुतेक थेलर नंतरच्या काळातले निघतात आणि त्यांना चांदीच्या भावाहून थोडंच जास्त मिळतं. वजन २८.०७ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८३.३ टक्के. मामा समुद्रावर होते, त्यामुळे हा थेलर त्यांच्याकडे कसा आला असेल याचा अंदाज करता येतो, आणि मला तरी त्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं. पाठवू नका.

१९२१ चे दोन डॉलरही नकोत. मॉर्गन प्रकारचे डॉलर (तुमचे चारही बहुधा तेच) १८७८ ते १९०४ पर्यंत पाडले गेले आणि मधल्या खंडानंतर १९२१ मध्ये पुन्हा. त्या एका वर्षात तीन टांकसाळींनी मिळून आठ कोटींहून जास्त पाडले. ठसाही बहुतेकांवर उथळच उठलेला असतो. असं नाणं अगदी असामान्य अवस्थेत असल्याशिवाय ग्रेडिंगचा खर्च भरून निघत नाही.

१८८१ 'एस' मात्र थोडं फसवं प्रकरण आहे. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि त्या वर्षीचा तिथला ठसा इतका सुरेख की तुमचं नाणं बघून तुम्ही नक्की हरखला असाल. पण त्या वर्षी सुमारे सव्वा कोटी पाडले गेले, आणि ते न वापरलेल्या अवस्थेत मुबलक टिकले. म्हणजे ६३ किंवा ६४ मिळाला तरी तसे हजारो स्लॅब बाजारात आधीच आहेत. देखणं असणं आणि दुर्मीळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शिकायला याहून चांगलं नाणं नाही.

तसंच, किती पाडले यावरून किती उरले हेही कळत नाही. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतात रुपये पाडायला आली. कोणत्या सालाचे किती वितळले याची नोंद कोणी ठेवली नाही. उलटही घडलं आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा डॉलर कित्येक वर्षं अतिदुर्मीळ समजला जायचा. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोऱ्यांतून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. म्हणून कॅटलॉगमध्ये नाणी किती पाडली एवढंच बघून थांबू नका. ग्रेडिंग कंपन्या कोणत्या नाण्याला कोणता ग्रेड किती वेळा दिला याचे आकडे देतात, ते बघा. तेही थोडं हात राखून वाचा, कारण जास्त ग्रेडच्या आशेने स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवणारे बरेच असतात आणि ते दोनदा मोजलं जातं.

सॉव्हरिनचं उत्तर थोडक्यात. १९१२ चं साधं सॉव्हरिन म्हणजे जवळजवळ सोन्याचाच भाव. २२ कॅरट, वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर. ते अस्सल आहे का एवढं तपासलं की पुरे.

प्रूफ संच टांकसाळीच्या डबीत आहे, तो तसाच राहू द्या. प्रूफ हा ग्रेड नसतो, नाणं पाडायची ती वेगळी रीत आहे: चकाकी दिलेला साचा, तयार केलेली चकती, एकाहून जास्त वेळा ठसा. आधुनिक प्रूफ नाणी मुळात इतकी नीट असतात की पुष्कळांना ६९ मिळतोच, आणि ज्याला पैसा मिळतो तो ७० असतो. त्या दोहोंतला फरक भिंगाखालीसुद्धा सापडत नाही बऱ्याचदा. त्या एका आकड्यासाठी मूळ डबी फोडू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि आता १८९३ 'एस'. पत्र वाचताना मी याच ओळीवर थांबलो.

मॉर्गन मालिकेतलं हे सर्वात मानाचं नाणं. फक्त १,००,००० पाडले गेले. घासून गुळगुळीत झालेलं असलं तरी ग्रेडिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट किमतीचं. आणि म्हणूनच याची नक्कलही भरपूर होते. ढोबळ नकला हलक्या धातूच्या असतात, त्या वजनातच पकडल्या जातात. अवघड नकला अस्सल डॉलरवरच केलेल्या असतात. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या डॉलरवर, जिथे टांकसाळीचं अक्षर मुळात नसतं, मागे 'एस' चिकटवतात. किंवा १८९८ च्या 'एस' डॉलरमधला शेवटचा ८ कोरून ३ करतात. चांदी खरी, वजन बरोबर, चुंबकाला चिकटत नाही. तुमच्या घरच्या सगळ्या चाचण्या हे नाणं पास करेल आणि तरीही ते खोटं असेल.

तरी घरी एक गोष्ट बघता येते. १८९३ 'एस' चे सगळे डॉलर दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून निघाले. त्या साच्यात काही खुणा होत्या आणि त्या प्रत्येक अस्सल नाण्यावर उमटल्या. सगळ्यांत प्रसिद्ध खूण म्हणजे नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या डोक्यावरच्या पट्टीवर लिबर्टी हा शब्द आहे, त्यातल्या टी अक्षराच्या वरच्या भागात एक बारीक तिरपी उंचवट्याची रेघ. दहापट भिंग घ्या, दिवा एका बाजूला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवत ती शोधा. फार झिजलेल्या नाण्यावर ती दिसेनाशीही होते. मग नाणं उलटून 'एस' च्या मुळाशी बघा. टांकसाळीत उमटलेलं अक्षर नाण्याच्या अंगातून वर आल्यासारखं दिसतं. चिकटवलेल्याच्या बुडाशी बारीक फट, डिंकासारखा डाग किंवा आजूबाजूला घासल्याची खूण सापडू शकते. टी वर रेघ दिसली तर आनंद माना, पण निकाल लागला असं समजू नका. नाही दिसली तरी नाणं टाकून देऊ नका.

हे नाणं पाठवा. ४६ पैकी हे एकच. तुम्हाला न सुटणारा प्रश्न इथे खरोखर आहे, आणि उत्तर हो आलं किंवा नाही आलं तरी त्याने सगळं बदलतं. खोटं निघालं तर फी गेल्याचं वाईट वाटेल, पण पुढे कोणाला अस्सल म्हणून विकायची नामुष्की टळेल. मनाची तयारी मात्र नकली निघण्याचीच ठेवा, अशा डब्यांतून आलेल्या प्रसिद्ध नाण्यांचा माझा अनुभव तसाच आहे.

पाठवण्याआधी डॉलर आणि थेलर एकदा स्वतः तोलून बघा, म्हणजे ढोबळ नक्कल असेल तर घरीच कळेल. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. अस्सल मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा आणि ३८.१ मिलिमीटरचा, झिजलेला असेल तर वजन जरा कमी. मग पाण्याची चाचणी. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला मऊ दोऱ्याचा फास घाला आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं हाताने लोंबकळत धरा. काटा आता नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, म्हणजे धातूची घनता मिळते. ९० टक्के चांदीच्या डॉलरचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे काट्यावर २.५८ किंवा २.५९ दिसेल. सॉव्हरिनला ही रीत लावली तर उत्तर साधारण १७.५ येतं. मग नाणं मऊ टिपकागदावर ठेवून वरून हलकेच दाबायचं, घासायचं नाही. प्रूफ नाण्यांवर हा प्रयोग अजिबात करू नका. मला अजूनही दर वेळी तो आकडा स्थिर होताना बघायला आवडतं.

यापुढे नाणी घेताना प्रश्न पडेल तो अवस्थेचा, म्हणून बघायची सवय आतापासून लावा. ट्यूबलाइट बंद करा. टेबलावर एकच जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा किंवा हॅलोजन लावा, खाली मऊ कापड पसरा. नाणं कडेने दोन बोटांत धरा आणि दिव्याखाली हळूच झुकवा, फिरवा. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. ठशाच्या जोराने धातू साच्यात बाहेरच्या बाजूला सरकताना ज्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात, त्यांच्यावरून परावर्तित होणारा तो प्रकाश असतो. नाणं हाताळलं की उंच भागावरच्या रेषा आधी जातात. मॉर्गन डॉलरवर कानाच्या वरचे केस आणि मागे गरुडाची छाती बघा. पट्टा तिथे तुटत असेल, तो भाग राखाडी, मंद दिसत असेल, तर ती झीज. तपशील पुसट आहेत पण प्रकाश त्यावरून अखंड फिरतोय, तर ठसाच कमजोर उठलेला. हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली. ५८ आणि ६२ मधलं अंतर याच एका निरीक्षणावर ठरतं, आणि पैशांतलं अंतर कधीकधी त्याहून मोठं असतं.

खर्चाचा हिशेब करताना नुसती फी धरू नका. जाण्या-येण्याचं टपाल, दोन्ही वेळचा विमा, काही ठिकाणी सभासद वर्गणी, परदेशी पाठवायचं तर सीमाशुल्काची कागदपत्रं, महाग नाण्यावर किमतीच्या टक्केवारीने वाढणारी फी. समजा, सुटं नाणं आज १० ला विकलं जातं, सगळा खर्च मिळून ७ येतो, आणि तुम्हाला वाटतो तो ग्रेड मिळाला तर १४ येतील. म्हणजे हातात उरले ७. घरी बसून १० मिळत होते. आता हाच हिशेब वाटलेल्या ग्रेडपेक्षा एक पायरी खाली धरून पुन्हा करा, कारण सुरुवातीच्या काळात आपल्या नाण्यावर आपला जीव असतो आणि डोळा उदार होतो. त्या खालच्या पायरीवरही पैसे वाचत असतील, तरच पाकीट बांधा. किमती बघताना विक्रेत्याने मागितलेले आकडे सोडून द्या, लिलावात प्रत्यक्ष लागलेले बघा.

जे पैसे ४६ नाण्यांवर घालवणार होतात, त्यातल्या थोड्या भागात माझ्या मते याहून जास्त शिकता येईल. एकाच प्रकारची, स्वस्त आणि मुबलक अशी तीन स्लॅबबंद नाणी विकत घ्या: एक ५८ चं, एक ६२ चं, एक ६४ किंवा ६५ चं. मॉर्गन डॉलरच घेतलेत तर तुमच्या १८८१ 'एस' शी ताडून बघता येईल. लेबलांवर कागद चिकटवा, तिन्ही मिसळा आणि रोज एकदा दिव्याखाली ओळखायचा प्रयत्न करा. पहिल्या आठवड्यात चुकाल. दोन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळेल की १८८१ कुठे बसतं. घेताना स्लॅबवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथलं छायाचित्र हातातल्या नाण्याशी जुळवून बघा, कारण नकली स्लॅबही बाजारात फिरतात. आणि ज्यांचं नाव जाणकारांकडून कधी ऐकलं नाही अशा कंपन्यांच्या लेबलवरच्या ७० ला भुलू नका.

एखादा अनुभवी विक्रेता किंवा जुना संग्राहक भेटला तर त्याला 'याला किती ग्रेड मिळेल' असं विचारू नका. 'तुम्ही हे कितीला घ्याल' असं विचारा. माणूस स्वतःचे पैसे घालायचे म्हटलं की नाणं फार नीट बघतो.

तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचं म्हणणं एका मर्यादेत खरं आहे. महाग, नकला होणारी नाणी विकायची असतील तर स्लॅबशिवाय गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. पण जगात संग्रहांतली बहुसंख्य नाणी सुटीच आहेत, आणि प्राचीन नाणी जमवणारे कितीतरी जण ती हातात घेऊन बघता यावीत म्हणून मुद्दाम स्लॅब टाळतात. विकायचं नसतानाही पाठवण्याची कारणं असू शकतात, वारसांसाठी नोंद, विमा, सुरक्षितता. तुम्हाला ती आज लागू नाहीत.

नाणी साठवायचं मात्र आजच बदला. जुना कागद आणि पुठ्ठा यांतला गंधक चांदीला काळा करत राहतो, म्हणून नाणी पीव्हीसी नसलेल्या, संग्रहासाठी बनवलेल्या कडक डब्यांत किंवा मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांत हलवा. पिना मारायच्या पुठ्ठ्याच्या चौकटी वापरणार असाल तर पिना पकडीने सपाट दाबा, एका नाण्याची पिन दुसऱ्याला ओरखडते. कोरडी जागा, सिलिका जेलची पुडी, आणि वर्षातून दोनदा उघडून बघणं.

मामांची पाकिटं मात्र टाकू नका. प्रत्येक पाकीट त्या त्या नाण्याच्या क्रमांकाबरोबर वेगळ्या फाइलमध्ये लावून ठेवा. त्यांनी पेनाने जे लिहिलंय, बंदराचं नाव, साल, कोणाकडून मिळालं, ते कोणत्याही लेबलवर मिळणार नाही. आणि १८९३ चा डॉलर पाठवण्याआधी मामांकडे जाऊन बसा, तो त्यांच्या हातात द्या आणि कुठे मिळाला ते विचारा. दुकानातून घेतला, पगारात आला की कोणी जहाजावर बदल्यात दिला, जे सांगतील ते तारखेसकट त्याच पाकिटावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.